जागा बंद, वर्गणी चालू

(दृश्य: टिळकवाडीतल्या एका घराची गच्ची. दोरीवर वाळत टाकलेले तंबू. खालून रेल्वे गेटवरच्या गर्दीचा गलका.)

पावसाळा उलटला की बेळगावातल्या एका क्लबाचं सामान असं गच्चीवर येतं. तंबूंना लागलेला बुरशीचा वास उन्हाशिवाय जात नाही.

डोंगरात जाणाऱ्यांची बेळगावात वानवा नाही. पहाटे राजहंसगड चढून आठाच्या आत दुकानाचं शटर वर करणारे आहेत. रविवारी तिलारीला सूर्यास्ताचे फोटो काढून रात्री जेवायला घरी परतणारे आहेत. या क्लबातली मंडळी मात्र रात्र काढायला जातात. निदान जात होती.

क्लबाचं नाव घ्यायचं नाही, या अटीवरच सगळे कॅमेऱ्यापुढे बसले. घरचं भांडण आहे, म्हणाले.

तर भांडण असं. या क्लबाकडे स्वतःची जमीन इंचभरही नाही. गावातल्या शेतकऱ्याशी बोलायचं, त्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, किंवा काजूच्या बागेच्या कडेला तंबू लावायची मुभा घ्यायची, वर्षाचं काय ते ठरवून द्यायचं. पाण्याची टाकी, संडासाचा आडोसा आणि चुलीवरची शेड क्लबाने करायची. अशा काही जागा खानापूर तालुक्यात, जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात. एक चंदगड तालुक्यात, म्हणजे शिनोळीवरून पुढे, महाराष्ट्रात. यंदाच्या वार्षिक सभेत समितीने खानापूरकडच्या तीन जागा बंद करायचा ठराव मांडला. कारण एका ओळीचं होतं: वापर नाही.

(दृश्य: टेबलावर वह्यांची चळत.)

खजिनदारांनी वह्या काढल्या. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. प्रत्येक वहीला खाकी कव्हर, आत तांबड्या शाईने आखलेले रकाने: तारीख, मंडळी किती, तंबू किती, सरपणाचे पैसे, शेरा. कणकुंबीकडच्या जागेची वही त्यांनी आमच्यापुढे सरकवली. सुरुवातीच्या पानांवर शेऱ्याचा रकाना पुरत नाही, मजकूर समासात चढलाय. कुणी गव्याच्या खुरांचं माप लिहून ठेवलंय. कुणी चहात साखरेऐवजी मीठ पडल्याची रीतसर तक्रार नोंदवलीये, खाली चहा करणाऱ्याचा खुलासाही आहे. एका पोराने काजवे काढलेत, म्हणजे पेनाने टोचलेले नुसते ठिपके. पुढे शेरे आखूड होत जातात. 'टाकी गळते.' 'जळवा फार.' मग नुसत्या तारखा. शेवटच्या पानावर एकाच माणसाचं अक्षर, खुद्द खजिनदारांचं. टाकी बघायला ते एकटेच जाऊन आले होते.

"ही माझी फेरी धरली नाही तर ते वर्ष कोरं," असं म्हणून त्यांनी वहीला रबर लावलं.

लोक का जात नाहीत, याचं पहिलं उत्तर आभाळात आहे. खानापूरच्या पश्चिम कडेचा पाऊस ऐकून कळत नाही. तिथलं आमगाव हे कर्नाटकातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत मोजलं जातं. कणकुंबीला उगम पावलेली मलप्रभा पूर्वेला वळून कृष्णेला जाऊन मिळते, आणि त्याच तालुक्याच्या रानात उगवलेली म्हादई गोव्यात मांडवी होऊन पश्चिमेच्या समुद्राला. दोन समुद्रांच्या मधल्या या धारेवर जून ते सप्टेंबर तंबू टाकणं ही हौस नव्हे, शिक्षा. ऑक्टोबर जळवांचा. एप्रिलपासून झरे आटतात. उरतो तो हिवाळा, आणि तुळशीचं लग्न लागलं की घरोघरी माणसांची लग्नं सुरू. कार्यालयाच्या पंगती सोडून सड्यावर पिठलं खायला कोण जातंय?

दुसरं उत्तर रानातलं. खानापूर तालुक्यातलं भीमगड 2011 साली अभयारण्य झालं. ते व्हायलाच हवं होतं. तिथल्या बारापेडे गुहांत राहणारं रॉटनचं वटवाघूळ हे जगातल्या दुर्मीळ वटवाघळांपैकी एक, आणि गुहेच्या तोंडाशी शेकोटी पेटवून गाणी म्हणणाऱ्यांपासून त्याला वाचवणं भाग होतं. पण त्या रानातून जाणाऱ्या जुन्या वाटा आता परवानगीच्या झाल्या. 2024 च्या जानेवारीत तिकडे दक्षिण कर्नाटकात कुमारपर्वतावर प्रजासत्ताक दिनाच्या सुट्टीत तुफान गर्दी उसळली, आणि राज्य सरकारने ऑनलाइन बुकिंगची सोय नसलेले जंगलातले ट्रेक काही काळ थांबवले. त्यानंतर वाटेवर उतरण्याआधी मोबाइलवर फॉर्म भरायचा. हा नियम बरा की वाईट, यावर क्लबातले दोन मित्र आमच्यासमोर इतके भांडले की ते चित्रीकरण वापरता आलं नाही.

हत्तींचंही आहेच. दांडेलीच्या बाजूने आलेले हत्ती खानापूर, चंदगड, दोडामार्ग करत फिरू लागले त्याला वीस वर्षं उलटून गेली. रात्री बांबू मोडल्याचा आवाज एकदा ऐकलेली आई पोराला दुसऱ्यांदा पाठवत नाही.

खरं उत्तर मात्र रस्त्याच्या कडेलाच उभं आहे. जांबोटीवरून चोर्ल्याकडे निघालात की पाट्या लागतात. तयार तंबू, आत गादी, बाहेर दिव्यांची माळ, रात्री गाणी, सकाळी पोहे. क्लबाच्या जागेवर गेलात तर पाणी तुम्हीच शेंदायचं, आणि संडास म्हणजे तीन बाजूंनी तट्टे आणि चौथ्या बाजूला विश्वास. हे वाक्य आमचं नाही, क्लबातल्या एका ताईंचं. त्या शिक्षिका आहेत. जागा बंद होण्याला सभेत उघड पाठिंबा देणाऱ्या त्या पहिल्या. वर्षानुवर्षं आडोशाला दार लावा म्हणून सांगत होते, त्यांनी सांगितलं, दार आलं नाही आणि बायका यायच्या थांबल्या, आता वापर नाही म्हणून कुणाला दोष देता?

समितीच्या ठरावात ही गोष्ट कुठेही आलेली नाही.

(दृश्य: सडा. जांभ्या कातळात बसवलेल्या गंजक्या कड्या.)

विरोधकांत सगळ्यात मोठा आवाज एका आजोबांचा. तीन जागांपैकी ही सड्यावरची जागा त्यांनी उभी केली. जांभ्या कातळात तंबूची मेख शिरत नाही. ठोकाल तर मेख वाकते. सुरुवातीला दगडांना दोऱ्या बांधून तंबू ताणायचे, आणि वारा सुटला की दगडांसकट तंबू सरकायचा. मग या आजोबांनी पहारीने भोकं पाडून त्यांत सिमेंटने लोखंडी कड्या बसवल्या. आम्ही हात लावला तेव्हा कडीचा पापुद्रा बोटांना आला. आजोबांचे गुडघे गेलेत, ते इथे वर्षानुवर्षं आलेले नाहीत. आम्ही फोटो दाखवला तर ते कड्या मोजू लागले.

सभेतला दुसरा सूर सीमाभागातच निघू शकतो असा. ठराव वाचून होतो न होतो तोच मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे कर्नाटकातल्या बंद आणि महाराष्ट्रातली तेवढी चालू? असं कसं चालंल?" सभागृह हसलं, पण सगळेच हसले नाहीत. 1956 च्या राज्य पुनर्रचनेपासून इथे कुठलीही रेघ कुणी मारली की ती हद्दीच्या बाजूला धरूनच बघितली जाते. चंदगडची जागा टिकली त्याचं कारण साधं आहे: तिथे विहीर आहे, आणि एसटी दारापर्यंत जाते.

एक सदस्य बेंगळुरूहून फोनवर सभेला होता. आयटीतला मुलगा. वर्गणी वेळेवर भरतो, गेल्या कित्येक हिवाळ्यांत आला नाही, आणि बंदला त्याचा कडाडून विरोध. जागा आहे एवढं माहीत असलं तरी बरं वाटतं, असं त्याचं म्हणणं. खजिनदारांनी शांतपणे विचारलं, बरं वाटण्याची पावती कुठल्या खात्यात फाडू?

हा प्रश्न काही बेळगावचा एकट्याचा नाही. 1901 साली इंग्लंडात थॉमस हायरम होल्डिंग या शिंप्याने सायकलवरून तंबू नेणाऱ्यांचा क्लब काढला. आजचा तिथला मोठा कॅम्पिंग क्लब त्यातूनच वाढला. शेतकऱ्याच्या रानात फक्त सदस्यांसाठी छोट्या जागा ठेवण्याची पद्धत तिथेही आहे. अशा एका जागेवर पाचपेक्षा जास्त कारव्हॅन लावता येत नाहीत. आणि कमी चालणाऱ्या जागा बंद करायची वेळ तिथल्या क्लबांवरही येते. तिथेही न जाणारेच जास्त ओरडतात की नाही, हे त्यांनाच विचारायला हवं.

(दृश्य: काजूच्या बागेतली पायवाट. चुलीवरची शेड, पत्र्याखाली भाताच्या पिंजराच्या पेंढ्या.)

आता त्या सड्यावरच्या जागेच्या मालकीणबाई. सगळे त्यांना मामी म्हणतात. त्या क्लबाच्या सदस्य नाहीत, म्हणून सभेला नव्हत्या. जागा बंद झाल्याचं त्यांना दूधवाल्याकडून कळलं, आणि त्याला मुलाच्या मोबाइलवरून.

"तुमी येत न्हाईसा ते दिसतंय की मला," मामी म्हणाल्या. "खरं, सांगायला तरी यायचं."

दर कार्तिकात मामी सड्यापर्यंतची वाट बेणून, म्हणजे गवत-झुडपं काढून, ठेवतात, कुणी येवो न येवो. ठरलेले पैसे त्यांना मिळत आलेत, त्याबद्दल तक्रार नाही. त्यांची काळजी वेगळीच निघाली. चुलीच्या शेडवरचे पत्रे क्लबाचे. मंडळी येईनाशी झाल्यावर त्यांनी त्याखाली पिंजर रचायला सुरुवात केली. ठरावात एक ओळ आहे: 'साहित्य परत आणणे.' ऐन दिवाळीच्या तोंडावर पत्रे निघाले तर म्हशीचा वर्षाचा चारा ठेवायचा कुठे?

आम्ही हे खजिनदारांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. हिशेबात त्यांचं चुकलेलं नाही, असं आमचंही मत आहे. टाकीची दुरुस्ती, वर्षाचे पैसे, जाण्या-येण्याचा टेम्पो, हे सगळं चार माणसांच्या एका रात्रीसाठी परवडणारं नव्हतं. पण आधी व्हॉट्सॲप ग्रुप, मग सभा आणि शेवटी जमीनवाली माणसं, हा क्रम उलटा होता. जी बाई वाट बेणते तिला पहिला फोन जायला हवा होता. तट्ट्याला दार लावायला तर ठरावाचीही गरज नव्हती.

पुढच्या रविवारी खजिनदार आणि शिक्षिका ताई दोघे कणकुंबीच्या बसने गेले. मामींनी नाचण्याची भाकरी आणि कुळथाची पिठी वाढली. भांडायचं असेल तर आधी जेवा, म्हणाल्या. पत्रे तिथेच राहायचे ठरले, आणि खजिनदारांनी ते वहीत 'भेट' म्हणून लिहिलं. मामींनी 'भेट' खोडायला लावलं. इतकी वर्षं वाट बेणली त्याचे पैसे कुणी धरले नव्हते, तेव्हा हे त्याचे, असं त्यांचं म्हणणं. वहीत आता तसं आहे.

फेरविचाराच्या सभेत दोन जागा बंद झाल्या. मामींची जागा होळीपर्यंत चालू ठेवायची, एका अटीवर. जो जो विरोधात बोलला त्याने आपण कुठली रात्र तिथे काढणार ते तारखेसकट लिहून द्यायचं. आडोशाला दार लागलंय, पत्र्याचं, आतून कडीसकट. आजोबांनी जावयाला पाठवून गंजलेल्या कड्या बदलायचं कबूल केलंय.

यादीचा कागद क्लबाच्या खोलीत फळ्याला लावलाय. पहिली तारीख शिक्षिका ताईंची, त्यांच्यासोबत शाळेतल्या चार मैत्रिणी. बेंगळुरूच्या मुलाने फेब्रुवारीतला एक शनिवार दिलाय. खाली नावं बरीच आहेत, पण त्यांच्यापुढे तारखेच्या रकान्यात बहुतेकांनी 'नंतर कळवतो' लिहिलंय. खजिनदार रोज संध्याकाळी त्यातल्या दोघा-तिघांना फोन लावतायत.