स्क्वीजीचे खेळ

श्रोतेहो, नमस्कार. मोठी काच पुसणारा सराईत कारागीर शेवटचा हात मारून झाल्यावर स्क्वीजी, म्हणजे काचेवरचे पाणी ओढून काढायचे रबरी पात्याचे अवजार, बोटाभोवती गर्रकन फिरवतो आणि खाली न पाहता कमरेच्या पट्ट्यावरील खोळीत अचूक सोडतो, तेव्हा काचेपलीकडे बसलेला माणूसही हातातले काम थांबवून पाहू लागतो. हा निव्वळ नखरा आहे, असे कोणी म्हणेल. मला मात्र या नखऱ्याबद्दल आदर आहे, कारण त्याचा निकाल प्रेक्षकांच्या टाळ्यांवर लागत नाही, तर काचेवर लागतो, आणि काच कोणाचीही भीड ठेवत नाही.

हे खेळ शक्य झाले ते अवजार हलके झाल्यामुळे. पूर्वीची स्क्वीजी पोलादी आणि बोजड असे, आणि तिचे रबर बदलायचे तर बरेच स्क्रू सैल करावे लागत. इटलीहून अमेरिकेत गेलेले एट्टोरे स्टेकोनी स्वतः काचा पुसण्याचे काम करीत. त्यांनी पितळेची, एकाच धारदार रबरी पात्याची सुटसुटीत स्क्वीजी बनवली आणि 1936 साली तिचे पेटंट घेतले. आजच्या स्क्वीज्यांची घडण मुख्यतः तीच आहे, आणि मनगटाच्या हलक्या झटक्यावर नाचेल असे अवजार हातात आल्यावर माणूस त्याच्याशी खेळणार नाही, हे संभवत नाही.

सर्वांत देखणा खेळ मात्र खेळ म्हणून केलाच जात नाही. व्यावसायिक लोक त्याला ‘फॅन’ म्हणतात. वरच्या कोपऱ्यातून सुरुवात करून कारागीर पाते आडवे ओढत नेतो आणि कडेशी पोहोचताच ते काचेवरून न उचलता मनगट वळवून उलट दिशेने आणतो. असे नागमोडी वळत एका दमात खालपर्यंत येतो. पाहणाऱ्याला हे नृत्य वाटते, पण त्यात प्रत्येक कोनाला कारण आहे. पात्याचे वरचे टोक किंचित पुढे असते, त्यामुळे ढकललेले पाणी खालच्या, अजून ओल्या असलेल्या भागाकडे उतरते आणि कोरड्या केलेल्या पट्ट्यावर ओघळत नाही. टोकाचा कल जरा चुकला, की वळणाच्या जागी पाण्याची चंद्रकोर उमटते. एका हाताने फेसाळ पाण्याचा बोळा फिरवत दुसऱ्या हाताची स्क्वीजी त्याच्या मागोमाग नेणे, हीसुद्धा अशीच कसरत आहे, आणि तिच्यात वेळ खरोखर वाचतो.

बोटावरच्या गिरकीने वेळ वाचत नाही, हे मान्य केले पाहिजे. उलट ओली स्क्वीजी काचेजवळ फिरवली, की पात्यावरचे थेंब नुकत्याच पुसलेल्या काचेवर उडतात. म्हणून जाणता माणूस आधी पाते फडक्याने टिपतो, काचेकडे पाठ करतो आणि मगच हात दाखवतो. हवेत उडवून झेलण्याचा प्रकार तर त्याहून महाग पडू शकतो. स्क्वीजी फरशीवर आपटून रबराच्या धारेला बारीकशी खाच पडली, तर पुढच्या प्रत्येक हातात काचेवर केसासारखी रेघ राहते आणि रबर उलटे लावल्याखेरीज किंवा बदलल्याखेरीज ती जात नाही. सरावासाठी जुनी स्क्वीजी आणि खाली जाड सतरंजी असावी, हे उत्तम.

वेगाच्या स्पर्धांमध्येही काचेचाच शब्द शेवटचा असतो. तीन ठरावीक मापाच्या खिडक्या पुसण्याचा 9.14 सेकंदांचा जागतिक विक्रम ब्रिटनच्या टेरी बरोज यांनी 2009 साली केला. या प्रकारात काचेवर राहिलेल्या डागांसाठी वेळेत दंड वाढवला जातो, त्यामुळे नुसता झपाटा दाखवून भागत नाही.

उंच इमारतीवर मात्र गिरक्या आणि फेकाफेक पूर्ण वर्ज्य आहे. तिथे अवजारे दोरीने बांधलेली असतात, कारण वरून सुटलेली स्क्वीजी खालच्या माणसाच्या जिवावर बेतू शकते. म्हणून तिथल्या कारागिरांनी करमणुकीची वेगळी वाट काढली आहे. अनेक बालरुग्णालयांच्या खिडक्या पुसताना ते स्पायडरमॅनसारख्या नायकांचे पोशाख घालून दोरावरून उतरतात, काचेपलीकडच्या मुलांना हात हलवतात आणि मग खिडकी पुसून खालच्या मजल्याकडे सरकतात. पोशाखावर सुरक्षा पट्टे उघडे दिसतात, पण मुलांची त्याबद्दल काही तक्रार नसते.