साठ सेंटिमीटरचा जोता

(दृश्य : शाळेचा दर्शनी भाग, पायऱ्या, बाजूचा जुना उतार)

यवतमाळ जिल्ह्यातील एका गावातील जिल्हा परिषदेची ही जुनी शाळा. विटांच्या भारवाहक भिंती, वर कवेलूंचे छप्पर आणि अंगणापासून साठ सेंटिमीटर उंच असा जोता. काळ्या मातीच्या या मुलखात पावसाळ्यात अंगणात पाणी साचते, म्हणून बांधणाऱ्यांनी जोता उंच ठेवला, आणि ते योग्यच होते. मात्र चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्या मुलाला वर्गात जायचे तर आजवर कोणीतरी उचलून न्यावे लागत होते.

पायऱ्यांशेजारचा उतार मतदान केंद्राच्या निमित्ताने बांधला गेला. त्याची लांबी २.४० मीटर आहे, म्हणजे दर चार फुटांमागे एक फूट चढ. शाळेच्या वार्षिक माहितीत रॅम्प आहे का आणि त्याला कठडा आहे का, असे विचारले जाते. चढ किती, हे त्या रकान्यात मावत नाही.

(दृश्य : पाण्याच्या नळीने पातळी घेताना वास्तुविशारद आणि मिस्त्री)

पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी काढण्याची ही पद्धत जुनी असली तरी अजूनही भरवशाची आहे. सार्वजनिक इमारतीतील उतार १:१२ पेक्षा, म्हणजे दर बारा फुटांमागे एक फूट यापेक्षा, उभा नसावा, हे राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ आणि केंद्र सरकारची २०२१ ची सुगम्यताविषयक मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. साठ सेंटिमीटर चढायला त्यामुळे ७.२० मीटर लांबी लागते, शिवाय वर आणि खाली खुर्ची वळवता येईल अशी दीड मीटरची सपाट जागा हवी. समोर हापशी असल्याने सरळ रेषेत एवढी जागा मिळत नाही. म्हणून नवा उतार भिंतीच्या कडेने नेऊन मध्ये एका सपाट टप्प्यावर काटकोनात वळवला आहे. हा निर्णय अंदाजपत्रकाआधी, कागदावर झाला. ठेकेदार आधी आणि नकाशा नंतर, या उलट्या क्रमानेच गावोगावचे उतार फसले आहेत.

(दृश्य : खोदकाम, मुरमाची धुम्मस)

आता काळी माती. ती पाण्याने फुगते, उन्हाने आकसते आणि वर बांधलेले हलके काम उचलते, खचवते. यासाठी ती पूर्ण काढून खाली घट्ट मुरूम लागेपर्यंत खोदले आहे आणि मुरमाचे थर पाणी मारून धुमसले आहेत. नवा उतार जुन्या जोत्याला जोडलेला नाही, दोघांमध्ये मुद्दाम फट ठेवून ती डांबरी लेपाने बुजवली आहे, जेणेकरून एक हलला तरी दुसऱ्याला तडा जाणार नाही. तेथे बारा मिलिमीटरहून मोठी पायरी तयार होऊ नये, एवढी दक्षता मात्र पुढेही घ्यावी लागेल. पृष्ठभाग खरबरीत ठेवला आहे. कठड्याचे दांडे ७६० आणि ९०० मिलिमीटर अशा दोन उंचींवर आहेत. वैदर्भीय उन्हात पोलादी दांडा हाताला चटके देतो, त्यामुळे कठड्यावर सावली असायला हवी होती, असे आमचे मत आहे.

(दृश्य : टेकू, दाराची चौकट)

दार रुंद करणे हे सर्वांत जोखमीचे काम, कारण वरचा भार भिंतच वाहते. आधी टेकू लावले, मग दारावरचा भार पेलणारी नवी लांब लिंटेल (आडवी तुळई) बसवली आणि ती पुरेशी पक्की झाल्यावरच बाजूच्या विटा काढून ९०० मिलिमीटरची मोकळी वाट केली. विटांची जुनी जुडाई, म्हणजे सांधणी, चुन्याची असल्याने दुरुस्तीही चुन्यातच केली आहे. सिमेंटचा घट्ट गिलावा ओल आत कोंडतो आणि पुढे विटा खिरतात.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार विद्यमान सार्वजनिक इमारती सुगम्य करण्याची मुदत, जून २०१७ च्या नियमांपासून पाच वर्षांची, केव्हाच उलटून गेली आहे. या शाळेत आता वर्गाची वाट झाली आहे. शौचालयाचे दार अजून अरुंद असून आतल्या बाजूला उघडते, आणि ते बाहेर उघडणारे करण्याचे काम पुढील उन्हाळी सुट्टीत घेतले जाणार आहे.