पाहणाऱ्याला पाहता येतं का?

नमस्कार. बोलायला सुरुवात करण्याआधी एक गोष्ट करून पाहू. दोन्ही हात समोर ताठ करा, अंगठे वर, एकमेकांना चिकटवून. डावा डोळा मिटा. उजव्या डोळ्याने डाव्या अंगठ्याच्या टोकाकडे पाहत राहा आणि नजर तिथून न हलवता उजवा अंगठा हळूहळू उजवीकडे न्या. वीतभर अंतर व्हायच्या आतच एका जागी त्या अंगठ्याचं टोक नाहीसं होईल. आणखी थोडं पुढे नेलंत की परत येईल. ज्यांना जमलं नाही त्यांचा डोळा चोरून उजवीकडे वळला असणार. पुन्हा करा, सावकाश.

ज्यांचा अंगठा गेला त्यांना विचारतो, त्या जागी काय दिसलं? काळा ठिपका दिसला का? भोक दिसलं का? नाही. मागची भिंत सलग दिसली. डोळ्याच्या पडद्यावर जिथून मज्जातंतू बाहेर पडतो तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. एदम मारिओत या फ्रेंच शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात हा अंधबिंदू दाखवून दिला. त्याआधी हजारो वर्षं माणसं पाहत होती, त्यातली कितीतरी बारकाईने पाहणारी होती, आणि आपल्या प्रत्येक डोळ्याच्या दृश्यात एवढी जागा रिकामी आहे हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. न दिसणं एक वेळ समजू शकतं. न दिसल्याचा पत्ताही न लागणं ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, आणि आजचं सगळं बोलणं तिच्याभोवतीच आहे.

तपशिलात शिरलं तर आश्चर्य वाढतच जातं. डोळ्याच्या पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या पेशी सुमारे 12 कोटींहून जास्त. मेंदूकडे जाणारे तंतू मात्र साधारण 10 ते 12 लाख. म्हणजे डोळ्यापासून मेंदूपर्यंत पोचेतोच कितीतरी निवड झालेली असते. स्पष्ट, रेखीव दिसणारा भाग तर हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या रुंदीएवढा, त्याहून फारसा मोठा नाही. बाकी सगळं धूसर. तरीही हे सभागृह आत्ता तुम्हाला काठापासून काठापर्यंत स्वच्छ दिसतंय. डोळे सतत भिरभिरत असतात आणि त्या तुकड्यांतून मेंदू एक अखंड जग उभं करत असतो.

इथवर आलं की कुणीतरी हमखास म्हणतं, बघा, विज्ञानानेही सिद्ध केलं की सगळी माया आहे. मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. अंगठा दिसेनासा झाला तेव्हा तो तिथेच होता, आणि तो तिथेच होता हे आपल्याला कळलं ते दुसरा डोळा उघडून, म्हणजे पुन्हा पाहूनच. चूक पकडायला पाहणंच लागतं. 'सगळंच खोटं' असं म्हटलं तर चूक आणि बरोबर यांतला फरक करायचा कुठे उभं राहून? वेदान्तानेही इतकं ढोबळ काही म्हटलेलं नाही. दोरीवर साप दिसला तर साप नसतो, दोरी असते. भ्रमाला काहीतरी आधार लागतो. त्याला ते अधिष्ठान म्हणतात.

वेदान्तातला एक फारसा न सांगितला जाणारा भेद इथे उपयोगी पडतो. काही भ्रम असे की ज्ञान झालं की संपले. दिवा आणला, दोरी दिसली, साप गेला. मग ठरवूनही तो परत दिसत नाही. हा निरुपाधिक भ्रम. दुसरा सोपाधिक. मृगजळ म्हणजे तापलेल्या हवेत वाकलेला प्रकाश आहे, हे पूर्ण माहीत असलेल्या माणसालाही पाणी दिसतंच. कारण भ्रम ज्या कारणाने होतो ते कारण अजून तिथे आहे. फ्रान्झ म्युलर-लायर यांनी 1889 मध्ये मांडलेली आकृती तुम्ही पाहिली असेल. दोन सारख्या रेषा. एकीच्या टोकांना आत वळलेले बाण, दुसरीच्या टोकांना बाहेर उघडणारे. पट्टीने मोजा, दहा वेळा मोजा, दुसरी लांबच दिसते. बुद्धीला कळलं ते डोळ्याला कळत नाही.

आता अध्यात्माच्या वाटेवर चालणाऱ्या किती जणांची निराशा नेमकी इथे होते पाहा. त्यांना वाटतं, ज्ञान झालं की जग दिसायचं थांबेल, किंवा निदान वेगळंच काही झळझळीत दिसू लागेल. ते सापाच्या निघून जाण्याची वाट पाहतात आणि प्रत्यक्षात समोर मृगजळ असतं. जग दिसत राहणार. त्यावर तहान भागवायला आपण धावतो की नाही, एवढंच बदलू शकतं.

हे झालं दिसणाऱ्याविषयी. पाहणारा कोण, ही खरी अडचणीची बाजू. 'दृग्दृश्यविवेक' या वेदान्तावरच्या छोट्या ग्रंथाचा पहिलाच श्लोक असा आहे :

रूपं दृश्यं लोचनं दृक् तद्दृश्यं दृक्तु मानसम् ।
दृश्या धीवृत्तयः साक्षी दृगेव न तु दृश्यते ॥

रूप दिसतं, डोळा पाहतो. पण डोळा अधू आहे की तीक्ष्ण, हे मनाला कळतं. म्हणजे डोळाही मनापुढे दृश्य झाला. मन आज उदास आहे, काल उल्हसित होतं, हेही कळतं. म्हणजे मनही दृश्य झालं. ज्याला हे कळतं तो साक्षी, आणि तो कधीच दृश्य होत नाही. चारच चरण, पण प्रत्येक पायरीवर 'मी' म्हणून जे घट्ट धरलं होतं ते समोरच्या बाजूला जातं.

हे नुसतं तर्काचं काम वाटेल, म्हणून 1998 मधला एक प्रयोग सांगतो. मॅथ्यू बॉटव्हिनिक आणि जोनाथन कोहेन यांनी माणसाला टेबलाशी बसवलं. त्याचा खरा हात पडद्याआड लपवला आणि रबराचा हात डोळ्यांसमोर ठेवला. मग दोन्ही हातांवर एकाच वेळी, एकाच जागी कुंचला फिरवत राहिले. काही मिनिटांत लोक सांगू लागले की स्पर्श रबराच्या हातावर जाणवतोय, तो हात आपलाच वाटतोय. आपण रबराचा हात पाहतो आहोत हे त्यांना पूर्ण ठाऊक होतं, तरीही. म्हणजे 'माझं शरीर' ही सीमाही मेंदूने मिळालेल्या खुणांवरून आखलेली आहे, आणि खुणा बदलल्या की ती सरकते.

ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्याची सुरुवात शंकराचार्यांनी याच गोष्टीने केली आहे. ब्रह्म काय, जग काय, यांच्याही आधी अध्यास : एकाचे धर्म दुसऱ्यावर चढवणं. त्यांची उदाहरणं अंगावर येणारी आहेत. मुलाबाळांचं, पत्नीचं बरंवाईट झालं की माणूस म्हणतो, माझंच बरंवाईट झालं. शरीर जाड असलं की म्हणतो, मी जाड. डोळ्यांनी दिसत नसलं की म्हणतो, मी आंधळा. मनात इच्छा, शंका आली की म्हणतो, मीच इच्छितो, मीच शंका घेतो. बाहेरच्या नात्यांपासून अंतःकरणापर्यंत आपण थराथराने 'मी' चढवत येतो, आणि अंधबिंदूसारखंच, चढवल्याचा पत्ता लागत नाही. सलग भिंत दिसते. सलग 'मी' वाटतो.

इथे बौद्ध विचारवंत थांबवतील आणि त्यांचं थांबवणं मला रास्त वाटतं. नागसेन भिक्षू मिलिंद राजाला विचारतात : रथ म्हणजे चाक का? कणा का? जू का? प्रत्येक वेळी उत्तर नाही. तसाच 'नागसेन' हाही केवळ व्यवहारापुरता शब्द. डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने 1739 मध्ये जवळपास हेच सांगितलं : स्वतःच्या आत शिरायला जातो तेव्हा थंडी, ऊन, प्रेम, द्वेष असं काहीतरी जाणवतं, त्यांच्यावेगळा 'मी' हाती लागतच नाही. वेदान्ती लगेच विचारतो, हाती लागत नाही हे कुणाला कळलं? बौद्ध म्हणतो, कळणं घडलं, 'कुणाला' हे तुम्ही भाषेच्या सवयीने जोडलंत. हा वाद दीड हजार वर्षांहून अधिक काळ चालला आहे आणि तो एका संध्याकाळी मिटवण्याचा माझा अधिकार नाही. माझा कल साक्षीकडे आहे, हे मोकळेपणाने सांगतो. पण ज्याला आपण रोज 'मी, मी' म्हणतो तो गठ्ठा 'मी' नव्हे, इथपर्यंत दोघंही हातात हात घालून येतात. आपलं बहुतेकांचं काम तिथपर्यंत पोचण्याचंच आहे.

गाढ झोपेचाही दाखला नेहमी दिला जातो : 'सुखाने झोपलो, काही कळलं नाही' असं उठल्यावर म्हणतो, तेव्हा ते न कळणं अनुभवणारा कुणी होता. नैयायिकांचा, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कशास्त्र्यांचा, आक्षेप असा की ही आठवण नसून जागं झाल्यावर केलेलं अनुमान आहे. आक्षेप वजनदार आहे, म्हणून मी सगळा भार त्या दाखल्यावर टाकत नाही.

साधकांकडून होणारी एक चूक मात्र मला सांगायलाच हवी. दृश्य बाजूला करत करत माणूस एका शांत जागी येतो. विचार मंदावलेले, आत मोकळं, कधी प्रकाश, कधी नाद. आणि तो म्हणतो, सापडला साक्षी! तो सापडला असेल तर तो साक्षी नाही. प्रकाश दिसला ना? शांतता जाणवली ना? मग तीही दृश्यच. ती सुंदर आहे, उपकारक आहे, पण ती येते आणि जाते. ती गेली की हा माणूस हवालदिल होतो आणि पुन्हा मिळवायला झटू लागतो. वर्षानुवर्षं हे चाललेलं मी पाहिलं आहे, फार प्रामाणिक माणसांच्या बाबतीत, आणि त्यांच्याविषयी मनापासून कळवळा वाटतो. आत्मा कुठेतरी मिळायची वस्तू राहिली आणि तिला शोधणारा अहंकार शाबूत राहिला.

ज्ञानदेवांनी चांगदेवांना लिहिलेल्या पासष्ट ओव्यांतली पहिलीच ओवी या चुकीवर नेमकं बोट ठेवते :

स्वस्ति श्रीवटेशु । जो लपोनि जगदाभासु । दावी मग ग्रासु । प्रगटला करी ॥

तो लपतो तेव्हा जगाचा आभास दाखवतो, आणि प्रकट होतो तेव्हा तो आभास गिळून टाकतो. म्हणजे तो प्रकट होऊन दृश्यांच्या रांगेत आणखी एक दृश्य म्हणून उभा राहत नाही. जग आणि तो शेजारी शेजारी ठेवून पाहायची सोयच ठेवलेली नाही.

मग ज्ञानी माणसाला दुखत नाही का, असा प्रश्न इथे येतोच. शंकराचार्यांचं उत्तर त्याच अध्यासभाष्यात आहे आणि ते कमालीचं निर्भीड आहे. कुणी काठी उगारून आला की जनावर पळतं, हातात हिरवं गवत दिसलं की जवळ येतं; विद्वान माणसंही व्यवहारात तशीच वागतात, असं ते लिहितात. पाय ठेचकाळला तर कळ येणारच. ती कळ दृश्य आहे हे पटकन ओळखता येतं. तिच्या मागून 'माझ्याच वाट्याला का?' हे येतं. तेही दृश्यच, पण ते 'मी' होऊन येतं, म्हणून ओळखू येत नाही. कळ आणि ही तक्रार एकामागोमाग इतक्या झटकन येतात की एकच वाटतात. अभ्यास करायचाच असेल तर या दोहोंमधल्या जागेचा करावा. दिवसातून एकदा जरी 'ही कळ आणि ही तक्रार' असं वेगवेगळं दिसलं, तरी ते डोळे मिटून दिसलेल्या प्रकाशाहून मोठं आहे असं मी मानतो.

आणि हे फक्त स्वतःच्या कळेबाबत. दुसरा माणूस रडत असताना 'हे सारं दृश्य आहे' असं त्याला सांगू नका. ही विचारणा 'मी कोण' अशी आहे, 'तू कोण' अशी नाही. आत्मज्ञान होईपर्यंत सगळा व्यवहार खराच, जागं होईपर्यंत स्वप्न खरं असतं तसा, हे खुद्द शंकराचार्यांचं म्हणणं आहे. त्याचं दुःख त्याच्यापुरतं खरं आहे, आणि त्याच्या शेजारी बसलेल्या आपल्यापुरतंही. त्याला औषध हवं असेल तर औषध आणावं, सोबत हवी असेल तर बसावं.