सी, एडा, गो, रस्ट: चूक कळते कधी?

नमस्कार मंडळी. विषय आहे जुन्या आणि नव्या सिस्टिम्स भाषा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमसारखं मशीनच्या जवळचं सॉफ्टवेअर ज्यांत लिहितात त्या भाषा, आणि समोर बसलेल्या बऱ्याच मुलामुलींनी त्याचा अर्थ सी विरुद्ध रस्ट असा धरलेला दिसतोय, म्हणजे कुणाच्या बाजूनं हात वर करायचा ते सांगा. मला भाषेच्या वयावरून हिशेब करणं पटतच नाही. मी एवढंच बघतो की प्रोग्रामरकडून चूक झाली तर ती कळते कधी आणि कुणाला. कंपाईल करतानाच, म्हणजे लिहिलेला कोड मशीनच्या भाषेत उतरवतानाच कळते, का प्रोग्राम चालता चालता थांबतो तेव्हा कळते, का कुणालाच काही कळत नाही आणि दोन वर्षांनी कुठल्यातरी सर्व्हरवरून पासवर्ड बाहेर गेलेले असतात? आज सगळं या तीन जागांभोवतीच बोलणार आहे.

आपण सोलापूरचे, तेव्हा मागाचंच उदाहरण घेऊ. काही मागांवर प्रत्येक उभ्या धाग्यावर एक पातळ पत्री लटकवलेली असते, धागा तुटला की ती खाली पडते आणि माग तिथल्या तिथं थांबतो. ही सोय नसलेला माग तुटल्या धाग्यानिशी विणतच राहतो, आणि विणकराची नजर पडली नाही तर दोष कळतो चादर घडी घालताना, कधी थेट गिऱ्हाइकाच्या घरी. सी हा पत्री नसलेला माग आहे. दहा जागांचं ॲरे, म्हणजे मेमरीत ओळीनं मांडलेले दहा खण, घ्या आणि अकराव्या जागी लिहा, सी भाषा तुम्हाला अडवणार नाही. शेजारच्या मेमरीत जे काही असेल त्यावर लिहिलं जातं, कधी प्रोग्राम लगेच पडतो, आणि बऱ्याचदा पडत नाही, तेच जास्त वाईट.

आता हे सी बनवणाऱ्यांना कळत नव्हतं असं समजू नका. डेनिस रिची आणि केन थॉम्प्सन बेल लॅब्समध्ये पीडीपी-११ नावाच्या ज्या पहिल्या कॉम्प्युटरवर काम करत होते तिची मेमरी होती 24 केबी, आज व्हॉट्सॲपवरचा एक साधा फोटोसुद्धा त्यात मावत नाही. मार्टिन रिचर्ड्सची बीसीपीएल, त्यातून थॉम्प्सनची बी, त्यातून 1972 च्या आसपास सी, आणि 1973 मध्ये युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा कर्नलच, म्हणजे तिचा गाभाच, सीमध्ये परत लिहिला. असेंब्ली ही मशीनची थेट भाषा सोडून एवढं मोठं काम वरच्या भाषेत करता येतं हे या माणसांनी दाखवून दिलं, आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. त्या मशीनवर प्रत्येक ॲरेला राखण बसवणं त्यांना परवडणारं नव्हतं.

पण एक गोष्ट मला इथं मुद्दाम सांगायचीय, कारण नव्या भाषांच्या कौतुकात ती राहून जाते. ॲरेच्या हद्दी तपासणं ही नवी कल्पना नाहीच. टोनी होअर 1960 च्या दशकात इलियट ब्रदर्स कंपनीत अल्गोल 60 चा कंपायलर करत होते, आणि त्यात प्रत्येक ॲरेचा प्रत्येक इंडेक्स चालताना तपासला जायचा. नंतर त्यांनी गिऱ्हाइकांना विचारलं की वेग वाढवायला ही तपासणी बंद करायची सोय देऊ का, तर सगळ्यांनी एकमुखानं नको म्हणून सांगितलं, कारण चुका किती होतात ते त्यांनी रोज बघितलेलं होतं. होअरनी ही हकिगत 1980 च्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात सांगितली, आणि इतक्या वर्षांनी भाषा बनवणारे अजून हा धडा शिकलेले नाहीत म्हणून खेदही व्यक्त केला. म्हणजे सीच्या आधीच ही सोय होती, आणि मशीन लहान म्हणून आपण सोडली, इथपर्यंत ठीक. मशीन मोठी झाली तरी परत घेतली नाही, माझी तक्रार आहे ती याच्यावर.

त्याची किंमत बघा. नोव्हेंबर 1988 मध्ये मॉरिस वर्म नावाचा आपोआप पसरणारा प्रोग्राम इंटरनेटभर पसरला, त्याच्या शिरायच्या वाटांपैकी एक होती फिंगर नावाची सेवा. तिथं आलेला डेटा ठेवायला 512 बाइटांची जागा, म्हणजे बफर, होता आणि गेट्स हे फंक्शन किती आलं ते न मोजता भरत जायचं. आणि हे गेट्स फंक्शन सीच्या स्टँडर्डमधून काढलं 2011 साली, तेवीस वर्षं लागली! मग 2014 ला उघड झालेला हार्टब्लीड नावाचा दोष. ओपनएसएसएल या वेबसाइटींचा संवाद गुप्त ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरला कुणी म्हणायचं, मी चार अक्षरं पाठवतोय, लांबी 64 हजार आहे, तेवढंच मला परत पाठव, आणि सर्व्हर बिचारा चार अक्षरं आणि त्यापुढची मेमरीत पडलेली कुणाची कुणाची माहिती देऊन टाकायचा. एक तुलना राहिली होती, पाठवलेली लांबी खरंच तेवढी आहे का एवढीच. आणि ही चूक दोन वर्षं जगभर चालू राहिली तरी एकही प्रोग्राम त्यामुळं थांबला नाही.

मग चालताना थांबवणाऱ्या भाषा घेऊ. अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं करवून घेतलेली एडा, स्टँडर्ड 1983 चं, हद्द ओलांडली की एक्सेप्शन, म्हणजे चालता प्रोग्राम अडवून चूक झाल्याची सूचना. चांगलीच भाषा आहे, कॉलेजात तिचं नावही घेत नाहीत याचं मला वाईट वाटतं. पण थांबणं म्हणजे सुटलो असंही नाही. जून 1996 मध्ये एरियन 5 रॉकेटचं पहिलं उड्डाण झालं, दिशा सांगणाऱ्या यंत्रणेचं सॉफ्टवेअर एडामध्ये होतं, एक 64 बिटांचा आकडा 16 बिटांत मावला नाही, एक्सेप्शन आलं, ते हाताळायला कोड नव्हता, यंत्रणा बंद पडली, जोडीची यंत्रणाही त्याच कारणानं बंद, आणि रॉकेट चाळीस सेकंदांच्या आत नष्ट झालं. चूक कळली खरी, पण कळायची वेळ चुकली.

गो बद्दल थोडक्यात, कारण तिथं फार कोडं नाही. 2009 ला गूगलनं जाहीर केली, बनवणाऱ्यांत तेच केन थॉम्प्सन होते ज्यांनी बी लिहिली होती. यावेळी हद्दीची तपासणी आहे आणि गार्बेज कलेक्टर पण, म्हणजे न लागणारी मेमरी प्रोग्राम चालताना आपोआप गोळा करणारा. सर्व्हर लिहायला उत्तम, पण ड्रायव्हर किंवा कर्नल लिहायचा तर कलेक्टर आपल्या वेळेला मध्ये येणार, ते तिथं चालत नाही.

रस्टचं खरं नवेपण इथं आहे. 1.0 आली मे 2015 मध्ये, आणि तिनं बरीचशी तपासणी कंपाईलच्या वेळेला आणली, तीसुद्धा कलेक्टरशिवाय. नियम ऐकायला सोपा आहे, मेमरीच्या तुकड्याचा मालक एकच, मालक संपला की मेमरी मोकळी, वाचायला कितीही जणांना द्या, पण बदलायला एकालाच, आणि तो बदलत असताना दुसऱ्या कुणी वाचायचंही नाही. सी प्लस प्लसमध्ये तुम्ही व्हेक्टरच्या, म्हणजे वाढत जाणाऱ्या ॲरेच्या, पहिल्या घटकाचा पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, धरून ठेवता आणि मग त्याच व्हेक्टरमध्ये नवीन घटक ढकलता, जागा पुरली नाही की अख्खा व्हेक्टर दुसरीकडे हलतो आणि तुमच्या हातात जुन्या जागेचा पत्ता राहतो. टेस्टिंगमध्ये जागा पुरत असते म्हणून सगळं हिरवं दिसतं. तो जुना पत्ता पुढं वापरलात तर रस्टमध्ये हा कोड कंपाईलच होत नाही. हे मला फार मोलाचं वाटतं, कारण ही चूक अनुभवी माणसं पण करतात, आणि नुसतं जपून लिहा असं सांगून ती थांबलेली नाही.

फुकट काही नाही. हे नियम तपासणाऱ्या कंपायलरच्या भागाशी, बॉरो चेकरशी, पहिले काही महिने झगडावं लागतं, कंपाईलला वेळ लागतो, आणि तुम्ही दुसऱ्या वर्षी सहज लिहिता ती दोन्ही बाजूंनी जोडलेली लिंक्ड लिस्ट रस्टमध्ये सरळ लिहिता येत नाही. हार्डवेअरशी बोलताना अनसेफ, म्हणजे यातली काही तपासणी बाजूला ठेवायची परवानगी, वापरावंच लागतं, फक्त तो शब्द कोडमध्ये शोधता येतो, म्हणजे डोळ्यांत तेल घालून कुठं बघायचं ते कळतं. आणि व्याजाचं सूत्रच चुकीचं लिहिलं तर रस्ट काही करू शकत नाही.

आणि जुना कोड सगळा परत लिहायचा का? मी म्हणतो नाही. अँड्रॉइडनं जुना तसाच ठेवून नवा कोड जास्तीत जास्त सुरक्षित भाषांत लिहायला घेतला, तर त्यांच्या एकूण सुरक्षा दोषांपैकी मेमरीचे दोष 2019 मध्ये 76 टक्के होते ते 2024 मध्ये 24 टक्क्यांवर आले. जुना कोड वापरून दुरुस्त होत जातो, नवे दोष जास्त करून नव्या कोडमध्ये येतात. लिनक्स कर्नलनं पण डिसेंबर 2022 च्या 6.1 पासून रस्टला आत घेतलं ते सी फेकून देऊन नव्हे.

मघाशी एका मुलीनं विचारलं, सर, मग सी शिकायचीच कशाला? शिकायची, कारण दोन वेगळ्या भाषांना एकमेकींशी बोलायचं असलं की बहुतेक वेळा सीच्याच पद्धतीनं बोलावं लागतं, आणि प्रोजेक्टसाठी छोटा आठ बिटांचा कंट्रोलर घेतलात तर त्याचा कंपायलर बहुधा सीचाच असतो. मात्र नेटवर्कवरून अनोळखी डेटा घेणारं नवीन काम आज सीमध्ये सुरू करू नका, हे माझं स्पष्ट मत आहे. आणि सी लिहिताना ती पत्री बाहेरून बसवता येते, जीसीसी आणि क्लँग या दोन्ही सी कंपायलरांत ॲड्रेस सॅनिटायझर आहे, प्रोग्रामनं चालताना चुकीच्या मेमरीला हात लावला की तो थांबवून सांगतो. लॅबमधला लिंक्ड लिस्टचा जो प्रोग्राम नीट चालतो म्हणून सही घेतलीय ना, तोच आज रात्री सॅनिटायझर लावून परत कंपाईल करा, सोबत डीबगचा ऑप्शन पण द्या म्हणजे ओळ नंबर दिसेल, आणि डिलीटचं फंक्शन दोन-तीनदा चालवून बघा.