ग्लोब कुठलं, अस्वलांचं घर कुठलं?

(दृश्य: थेम्सकाठचं जुनं शहर. कॅमेरा सावकाश डावीकडून उजवीकडे सरकतो.)

हे लंडनचं चित्र. छापलं १६४७ साली. नदीच्या दक्षिण तीरावरच्या चर्चच्या मनोऱ्यावरून दिसणारं. काढणारा मात्र मूळचा प्रागचा, वेन्सेस्लॉस हॉलर. आणि गंमत अशी, की हे तांब्यावर कोरताना तो लंडनमध्ये नव्हताच. इंग्लंडात राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी पेटली होती आणि हॉलर अँटवर्पला निघून गेला होता. हाताशी होती ती जुनी रेखाटनं.

(दृश्य: दोन गोल इमारती, अगदी जवळून.)

इथं जरा थांबू. एका इमारतीवर लिहिलंय 'ग्लोब', दुसरीवर 'अस्वलांच्या झुंजीचं घर'. ग्लोब म्हणजे शेक्सपिअरच्या मंडळींचं नाटकघर. पहिलं १६१३ साली भर प्रयोगात तोफ उडवताना पेटलं. हे त्याच जागी बांधलेलं दुसरं. पलीकडच्या घरात अस्वलाला साखळीनं खांबाला बांधून त्याच्यावर कुत्रे सोडायचे. लोक पैसे मोजून बघायला यायचे.

आता छपरं बघा. रंगमंच झाकणारं जोड-त्रिकोणी, भलंमोठं छप्पर आहे अस्वलांच्या घरावर! 'ग्लोब'वर तसलं काहीच नाही. नावांची चक्क अदलाबदल झालीय.

चूक खरी, पण अगदीच भलती नाही. अस्वलांच्या त्या घराचं नाव होप. तिथला मंच उचलून बाजूला ठेवता यायचा. एक दिवस नाटक, एक दिवस अस्वल. १६१४ साली बेन जॉन्सनचं नाटक तिथंच झालं. वास तोच असणार.

(दृश्य: चित्रं झरझर बदलतात.)

हॉलरनं राजदरबारही सोडला नाही. १६४१ साली टॉवर हिलवर पहिल्या चार्ल्सच्या मंत्र्याचं, स्ट्रॅफर्डचं, मुंडकं उडवलं. बघ्यांच्या गर्दीसकट ते हॉलरनं कोरलं. वीस वर्षांनी दुसऱ्या चार्ल्सचा राज्याभिषेक, तोही त्यानंच. तांब्यावर मेणाचा लेप, सुईनं रेघा, मग आम्ल. म्हणतात, तासाला चार पेन्स घ्यायचा आणि समोर वाळूचं घड्याळ ठेवायचा. कुणी बोलायला आलं, की घड्याळ आडवं!

(दृश्य: जुनं सेंट पॉल्स, आतून.)

१६५८ साली छापलेल्या या चित्रांतले खांब, कमानी, थडगी. आठ वर्षांनी लंडन जळालं, त्यात हे कॅथीड्रलही गेलं. आतून ते कसं होतं, हे आज आपण बघतोय ते बरंचसं हॉलरच्या डोळ्यांनी.

(दृश्य: आजचं ग्लोब, प्रेक्षक आत जाताना.)

थेम्सकाठी १९९७ साली नवं ग्लोब उघडलं. त्याचा आकार ठरवताना जाणकारांनी छापील चित्रासोबत हॉलरचं मूळ पेन्सिलचं रेखाटनही तपासलं. त्या कागदावर नावांची चूक नाही.

छापील चित्रात मात्र अस्वलांच्या घरावर अजूनही 'ग्लोब' असंच लिहिलेलं आहे.