पहिला आकडा दोन की चार?

(दृश्य: लाकडी टेबलावर दोन नोटा. कॅमेरा अगदी जवळ.)

या दोन नोटा नीट बघा. एक रुपयाच्या नोटेवर 'भारत सरकार' छापलंय, खाली सही वित्त सचिवांची. दहाच्या नोटेवर 'भारतीय रिझर्व्ह बँक', सही गव्हर्नरची. दहाची नोट धारकाला दहा रुपये देण्याचं वचन देते. एकच्या नोटेवर ते वचन नाही, कारण तो रुपया खुद्द सरकारचा आहे.

सरकारला पैसे कमी पडले की नोटा छापून का घेत नाहीत, असं आपण सहज विचारतो. नाशिकचा छापखाना सरकारी आहे खरा, पण तिथली नोट चलनात आणायचा अधिकार रिझर्व्ह बँकेचा. एके काळी केंद्र सरकार हंगामी ट्रेझरी बिलं, म्हणजे थोड्या मुदतीच्या कर्जाचे कागद, रिझर्व्ह बँकेला देऊन तूट भरून काढायचं. १९९७ मध्ये ती पद्धत बंद झाली. २००६ पासून तर, अपवादाची परिस्थिती सोडली तर, रिझर्व्ह बँक सरकारचे नवे रोखे, म्हणजे व्याज देणारे कर्जाचे कागद, थेट सरकारकडून घेतही नाही. म्हणजे सरकारला उसने पैसे बाजारातूनच उचलावे लागतात.

(दृश्य: झिरो माईलचा दगडी खांब, चार घोडे, सकाळचं धुकं.)

नागपूरच्या झिरो माईलपासून विधानभवन पायी काही मिनिटांवर. रिझर्व्ह बँकेची इमारतही जवळच. खर्च किती करायचा, कर किती घ्यायचा आणि कर्ज किती काढायचं, ही राजकोषीय नीती. ती विधानभवनात मंजूर होते. पैसा महाग करायचा की स्वस्त, हे चलनविषयक धोरण. ते रिझर्व्ह बँकेचं. व्याजदर नागपूरच्या इमारतीत ठरत नाही, मुंबईत सहा सदस्यांची समिती ठरवते. पण ही दोन कामं वेगळी आहेत हे डोळ्यांनी बघायचं असेल, तर नागपूरसारखी जागा नाही.

(दृश्य: डिसेंबर. बॅरिकेड्स, यशवंत स्टेडियमवरून निघालेला मोर्चा. मग विधानभवनाची पायरी, कागदांचे गठ्ठे.)

हिवाळी अधिवेशनात गदारोळाची बातमी होते. आपण मात्र या गठ्ठ्याकडे बघू. या पुरवणी मागण्या. मार्चमध्ये अर्थसंकल्प मंजूर झालेला असतो. वर्षाच्या मध्ये अतिवृष्टी होते, नवी योजना जाहीर होते, एखाद्या खात्याची तरतूद संपते. मग राज्यघटनेच्या २०५ व्या अनुच्छेदानुसार सरकार पुन्हा सभागृहापुढे येतं. डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरात मांडलेल्या पुरवणी मागण्या ५५ हजार ५२० कोटी रुपयांच्या होत्या.

हा आकडा पेपरात पहिल्या पानावर येतो, आणि तिथेच गल्लत होते. हा स्थूल आकडा असतो. काही रक्कम केंद्राकडून येणार असते, काही खर्चाच्या दुसऱ्या बाबीतल्या बचतीतून वळवायची असते. तिजोरीवर खरोखर पडतो तो निव्वळ भार, आणि तो बराच कमी असू शकतो. काही मागण्या तर लाक्षणिक असतात. रक्कम नाममात्र, कारण पैसा खात्यातच आहे, हवी आहे ती फक्त नव्या बाबीवर तो खर्चायची परवानगी.

मागणीवर चर्चा होते, मतदान होतं, मग विनियोजन विधेयक येतं. ते मंजूर होऊन राज्यपालांची सही झाली की मगच राज्याच्या एकत्रित निधीतून, म्हणजे मुख्य तिजोरीतून, रुपया बाहेर पडू शकतो. तेवढं थांबणं शक्यच नसेल, तर आकस्मिकता निधीतून उचल करतात, आणि ती नंतर भरून द्यावी लागते. कर्जावरच्या व्याजाची गोष्ट निराळी. तो भारित खर्च. आमदार त्यावर बोलू शकतात, मत देऊ शकत नाहीत.

(दृश्य: उघडलेलं पान. बोट एका चार आकडी क्रमांकावर थांबतं.)

आता इथे थांबा. या चार आकड्यांना म्हणतात लेखाशीर्ष, जमा-खर्चाच्या बाबीचा क्रमांक. सगळी गंमत पहिल्या आकड्यात आहे. शून्य किंवा एक असेल तर ती महसुली जमा. दोन किंवा तीन, महसुली खर्च, म्हणजे रोजचा. चार किंवा पाच, भांडवली खर्च, म्हणजे मालमत्ता उभी करणारा. सहा किंवा सात, कर्जं आणि आगाऊ रकमा. आठ असेल तर लोकलेखा, म्हणजे सरकारकडे ठेव म्हणून असलेला, पण सरकारचा नसलेला पैसा. भविष्य निर्वाह निधी त्यातलाच.

२२१० म्हणजे वैद्यकीय आणि सार्वजनिक आरोग्य: डॉक्टर-परिचारिकांचे पगार, औषधं. ४२१० म्हणजे त्याच खात्याची नवी इमारत, यंत्रसामग्री. ३०५४ ही रस्त्यांची देखभाल आणि ५०५४ हे नवे रस्ते, नवे पूल. २०४९ म्हणजे व्याज. देशभरात केंद्र आणि सगळी राज्यं हेच क्रमांक वापरतात. एवढे पाच क्रमांक ज्याला ठाऊक आहेत, त्याला भाषण ऐकावं लागत नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. दोनने सुरू होणारा खर्च वायफळ आणि चारने सुरू होणारा चांगला, असं नाही. पगाराशिवाय रुग्णालय चालत नाही. शिवाय जिल्हा परिषदेला शाळाखोल्या बांधायला दिलेलं अनुदान राज्याच्या वहीत महसुली खर्चातच दिसतं, खोल्या उभ्या राहिल्या तरी.

(दृश्य: इतवारीतल्या दुकानात वही, कॅल्क्युलेटर, पेन.)

या आकड्यांतूनच तूट निघते, आणि तूट एक नाही, तीन आहेत. केंद्राचा २०२५-२६ चा अर्थसंकल्पी अंदाज घेऊ. एकूण खर्च ५० लाख ६५ हजार कोटी. कर्ज सोडून बाकी सगळी जमा ३४ लाख ९६ हजार कोटी. उरली १५ लाख ६९ हजार कोटी, ही राजकोषीय तूट. वर्षभरात काढायचं कर्ज ते हेच. सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ४.४ टक्के.

त्यातून व्याजाचे १२ लाख ७६ हजार कोटी वजा करा. राहतात २ लाख ९३ हजार कोटी. ही प्राथमिक तूट. जुन्या कर्जाचं ओझं बाजूला ठेवलं तर या वर्षीचं सरकार किती जास्त खर्च करतंय, ते इथे कळतं. तिसरी महसुली तूट, ५ लाख २४ हजार कोटी: महसुली खर्च वजा महसुली जमा. आमच्या मते नजर हिच्यावर हवी. ही तूट असते तेव्हा कर्जाचा तेवढा भाग रोजच्या खर्चात जातो. मागे ना रस्ता राहतो, ना धरण. परतफेड मात्र राहते.

(दृश्य: रिझर्व्ह बँकेचं फाटक, पहारेकरी. मग संगणकाचा पडदा.)

कर्ज निघतं कसं? केंद्राचं आणि राज्यांचं कर्ज उभं करून देण्याचं काम रिझर्व्ह बँकेचं. राज्यांच्या रोख्यांचा लिलाव साधारणपणे मंगळवारी होतो, ई-कुबेर या रिझर्व्ह बँकेच्या संगणक प्रणालीवर. रक्कम आणि मुदत आधी जाहीर होते. सकाळी साडेदहाला बोली सुरू, साडेअकराला बंद. बँका, विमा कंपन्या, भविष्य निर्वाह निधी बोली लावतात: एवढे कोटी, एवढ्या परताव्यावर. आलेल्या बोली कमी परताव्याकडून जास्तीकडे लावत जातात. हवी ती रक्कम जिथे भरते तिथे रेघ. रेघेच्या वरच्या दराची बोली बाद. बुधवारी पैसे राज्याच्या खात्यात, आणि मग मुदत संपेपर्यंत दर सहा महिन्यांनी व्याज.

बाजारात हा रोखा पुढे विकता येतो, तेव्हा एक गोष्ट उलटी चालते. १०० रुपयांचा, ७ टक्क्यांचा, १० वर्षांचा रोखा. बाजार साडेसात टक्के मागायला लागला, तर हाच रोखा ९६ रुपये ५३ पैशांना विकला जातो. परतावा वर, किंमत खाली. रोख्यांची बातमी वाचताना चूक होते ती इथे.

आता सामान्य माणसालाही हे रोखे घेता येतात. १२ नोव्हेंबर २०२१ पासून रिटेल डायरेक्ट खातं उघडता येतं, किमान १० हजार रुपयांपासून.

(दृश्य: बँकेची शाखा, टोकन यंत्र, खिडकीसमोरची रांग.)

बँका हे रोखे एवढे का घेतात? काही अंशी सक्ती आहे. ठेवींच्या १८ टक्के रक्कम प्रामुख्याने सरकारी रोख्यांत ठेवावी लागते. ते वैधानिक तरलता प्रमाण, एसएलआर. रोख राखीव प्रमाण, सीआरआर, वेगळं. तो पैसा रिझर्व्ह बँकेकडे पडून राहतो, त्यावर व्याज नाही. बँकेला एक रात्र पैसे कमी पडले, तर हेच रोखे तारण ठेवून रिझर्व्ह बँकेकडून उचलता येतात. त्या उचलीचा दर म्हणजे रेपो.

हा दर ठरवणाऱ्या सहा जणांच्या समितीपुढे लक्ष्य एकच आहे: ग्राहक किमतींवर आधारित महागाई ४ टक्के, खालीवर २ टक्क्यांची मुभा. सलग तीन तिमाह्या ती मर्यादा मोडली, तर सरकारला लेखी कारण द्यावं लागतं. २०२२ मध्ये ती वेळ आली.

(दृश्य: कळमना बाजार, तुरीची पोती, हमाल.)

रेपो वाढवून तूर पिकत नाही, हे समितीलाही ठाऊक असतं. धान्याची महागाई भाड्यात, मजुरीत, शिलाईच्या दरात पसरू नये, म्हणून पैसा महाग करतात.

मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३, रेपो ४ टक्क्यांवरून साडेसहावर गेला. ज्यांची गृहकर्जं रेपोला बांधलेली होती, त्यांचं काय झालं? ३० लाखांचं कर्ज, २० वर्षं, कर्जाचा सुरुवातीचा दर साडेसहा टक्के: हप्ता २२ हजार ३६७. दर ९ टक्के झाला आणि मुद्दल ३० लाखच धरलं, तर महिन्याचं नुसतं व्याज २२ हजार ५००. हप्ता व्याजालाही पुरत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं, असं होऊ देऊ नका. दर बदलला की कर्जदाराला कळवा. हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडंथोडं, हे त्याला निवडू द्या.

(दृश्य: संध्याकाळ. अधिवेशन संपलंय, मंडप उतरतायत. शेवटी सिव्हिल लाइन्समधलं महालेखापालांचं कार्यालय.)

नागपुरात मंजूर झालेला पैसा पुढे कोषागारातून जातो, आणि विदर्भ-मराठवाड्याचे हिशेब या इमारतीत लागतात. डिसेंबरमध्ये घाईने मागितलेली रक्कम ३१ मार्चला न खर्चता परत करायची, हा प्रकार लेखापरीक्षणात पुन्हा पुन्हा नोंदला गेलाय. काही ठिकाणी तर मूळ तरतूदही पूर्ण संपलेली नसते. तो शेरा लेखापरीक्षण अहवालात विनियोजन लेख्यांच्या, म्हणजे मंजूर रक्कम आणि झालेला खर्च यांच्या ताळमेळाच्या, प्रकरणात असतो, लेखाशीर्षासकट. अहवाल सभागृहात मांडला गेला की कुणालाही वाचता येतो.

(दृश्य: उघडं पान. तेच बोट, तोच क्रमांक. ध्वनी नाही.)