अंगणात म्हैस बांधायची? दुधाचं काय करणार, ते आधी सांगा

नमस्कार मंडळी! कोल्हापूरच्या हद्दवाढीचा, म्हणजे भोवतीची गावं महापालिकेत घेण्याचा, विषय पेपरात आला की आपल्या कमेंट्समध्ये एकच प्रश्न सुरू होतो: घराच्या जागेत म्हैस, शेळी, कोंबड्या ठेवता येतात का? आमचं गाव शहरात गेलं तर गोठा उठणार का? घ्या, आज हाच विषय.

सोपं ते पटकन उरकतो. शहरात असाल तर प्रॉपर्टी कार्ड, गावात असाल तर सातबारा. त्यावरचा नंबर घालून झोन दाखला काढा, म्हणजे विकास आराखड्यात तुमची जागा कशासाठी आहे ते कळेल. पिवळा रंग म्हणजे रहिवास, हिरवा म्हणजे शेती. हिरव्यात काम हलकं, कारण जमीन महसूल कायदा जनावरांचा निवारा शेतीच्याच इमारतीत धरतो. शहराभोवतीच्या 42 गावांत 2017 पासून नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण आहे, बांधकामाची परवानगी त्यांच्याकडं, त्यामुळं तिथं ‘सरपंचांनी ना-हरकत दिलीय’ एवढ्यावर शेड ठोकू नका. आणि नदीकडच्यांनो, दाखल्यावर पूररेषा बघा. निळ्या रेषेच्या आत पक्का गोठा मिळणार नाही. पंचगंगेला पूर येतो. दावणीला बांधलेलं जनावर रात्री पाण्यात सापडलं तर सोडायला कोण जाणार?

आता पिवळ्यातली गोची. सगळे विचारतात, ‘किती म्हशींपर्यंत चालतंय?’ अहो, प्रश्नच चुकलाय. महापालिका अधिनियम 1949, कलम 376 काढून वाचा. घोडे, गुरं किंवा इतर चारपायी जनावरं विक्रीसाठी, भाड्यानं द्यायला, मोबदल्याच्या कामासाठी किंवा त्यांचं उत्पन्न विकण्यासाठी जागेत ठेवायची असतील, तर आयुक्तांचा परवाना लागतो. म्हणजे पहिला सवाल म्हशी किती हा नसून दुधाचं काय करता, हा आहे.

‘एकच म्हैस हाय, घरात पिऊन उरलेलं शेजारी देतो.’ फुकट देता? मग परवान्याचा हा मुद्दा तुम्हाला लागत नाही. महिन्याला पैसे घेता? लागला. एक लिटर असो नाहीतर वीस.

दुसरे म्हणतात, ‘आम्ही गिऱ्हाईकाला विकतच नाही, दूध संस्थेत घालतो.’ मग संस्थेचं पासबुक कशाचं आहे? दहा दिवसाचं बिल कशाचं येतं? संस्थेत दूध घालणं ही विक्रीच, आणि तुमच्या सहीनिशी तिची नोंद होते. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हैस नेऊन गिऱ्हाईकाच्या समोर धार काढून देता, तेव्हा तर बोलायलाच नको.

शेळीवाले गप्प बसलेत, त्यांचंही सांगतो. शेळीला पाय चार. बोकड वाढवून विकायचा इरादा असेल तर तुम्हीही त्याच ओळीत. कोंबडीला मात्र दोनच पाय, त्यामुळं ती या शब्दांत बसत नाही. एकानं लगेच लिहिलंय, ‘मग टेरेसवर दोनशे ठेवतो!’ ठेवू नका. वास, माश्या आणि पहाटेची बांग यांचा उपद्रव ठरायला परवाना असण्या-नसण्याचा संबंध नाही. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम 152 खाली कार्यकारी दंडाधिकारी तो हटवण्याचा आदेश काढू शकतात.

आणखी एक, याचा मला मनापासून वैताग येतो: घरफाळ्याची पावती! ‘गोठ्याचा घरफाळा भरतोय, म्हणजे अधिकृत झाला.’ नाही हो. विनापरवाना बांधकामावर कर आणि वर शास्तीही, म्हणजे दंडही, बसतो, आणि ते भरलं म्हणून बांधकाम नियमित होत नाही, असं त्याच महापालिका अधिनियमात कलम 267-अ मध्ये लिहिलंय. बांधकाम परवाना, जनावरांचा परवाना आणि घरफाळा, तिन्ही कागद वेगळे.

शेजाऱ्याची तक्रार म्हशीबद्दल क्वचितच असते, असते ती शेणाबद्दल. चारशे किलोचं जनावर दिवसाला 15 ते 20 किलो शेण टाकतं, मूतही जवळपास तेवढंच. दोन म्हशी म्हणजे रोज 30-40 किलो. बहुतेकजण सकाळी पाइप लावतात आणि सगळं गटारीत ढकलतात. शेणातला वैरणीचा चोथा वाहून जात नाही, वळणावर बसतो, आणि तुंबतं ते शेजाऱ्याच्या दारात. शेण आधी कोरडं उचला, पाणी नंतर.

गोठा बांधताना म्हशीमागं छताखाली 4 चौरस मीटर धरा. उतार साठाला एक, म्हणजे 3 मीटर लांबीत 5 सेंटिमीटर. त्याहून जास्त दिला तर गाभण जनावराला त्रास होतो, कमी दिला तर मूत तुंबतं. मागची नाली 30 सेंटिमीटर रुंद, तिचा उतार चाळीसाला एक, आणि ती थेट गटारीला न जोडता टाकीत सोडा. कोबा गुळगुळीत करू नका, खाचा पाडा, नाहीतर म्हैस घसरून फरा मोडून घेईल. घनमीटरभर गोबरगॅसला रोज 25 किलो शेण लागतं, ते दोन म्हशींत निघतं. पण बाहेर येणाऱ्या स्लरीला जागा हवी. अर्ध्या गुंठ्यात घर बांधून उरलेल्या बोळात ते जमणार नाही, तिथं शेण शेतकऱ्याला द्यायचं आधी ठरवा.

हे सगळं जमवून म्हैस घ्यायला निघालात तर व्यवहाराआधी तिचा कान बघा. बारा अंकी बिल्ला नसेल तर जून 2024 पासून राज्यात तिची खरेदी-विक्री आणि वाहतूक करता येत नाही. बिल्ला असेल तर नंबर पावतीवर लिहून घ्या, मगच टेम्पोत चढवा.